झाडपाल्याचं औषध सुरू करायच्या आधी

शुगरचा रिपोर्ट हातात पडला की पहिल्या आठ दिवसांत घरात चार प्रकारचं औषध येऊन पडतं. सासरची माणसं कारल्याचा रस सांगतात, शेजारच्या काकू सदाफुलीची पानं आणून देतात, भावकीतलं कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवतं आणि आठवडी बाजारातून एक बिननावाची पुडी येते. डॉक्टरांनी लिहिलेली गोळी या गर्दीत मागं पडते. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एकवीस वर्षं मी मेडिकल चालवते. या पहिल्या आठ दिवसांतली माणसं मला रोज भेटतात. "ताई, गोळी बंद केली, आता चूर्ण घ्यायलोय," असं कुणी काउंटरवर म्हणालं की मी हातातलं काम बाजूला ठेवून त्यांना बसवून घेते. तेव्हा जे सांगते, तेच इथं लिहिते आहे.

माझ्या दुकानात आयुर्वेदिक औषधांचं वेगळं कपाट आहे आणि इसबगोल आमच्या घरातही चालतं. त्यामुळं झाडपाला घेऊच नका, असं मी सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की पाल्याला औषध म्हणायचं तर त्याला औषधाचे सगळे प्रश्न विचारायचे. नाव काय, किती घ्यायचं, कशाबरोबर चालत नाही, गुण येतोय हे कळणार कसं, आणि थांबवायचं कधी. "झाडपाल्यानं अपाय होत नाही" हे मी दिवसातून दोनदा तरी ऐकते. धोतरा झाडच आहे, कण्हेरही झाडच. ज्यात अंगावर परिणाम करायची ताकद आहे, त्यात अपाय करायचीही असते. चरकसंहितेतही हेच सांगितलंय: नीट योजलं तर तीव्र विषाचंसुद्धा औषध होतं आणि चुकीचं वापरलं तर औषधाचंही विष होतं.

पहिलं काम: आजाराचं नाव पक्कं करा

औषध कुठलंही घ्या, त्याआधी आजार कोणता हे तपासणीतून कळलं पाहिजे. कावीळ झाली की आपल्याकडं तपासणीच्या आधी गाव आठवतं. अमक्या गावी माळ घालतात, तमक्या गावी पाणी उतरवतात. माळ खरंच लांबत जाते, मी स्वतः बघितलंय. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून ती केलेली असते. काड्या वाळून बारीक होतात, फास सैल पडतात आणि माळ छातीवरून पोटावर येते. खुंटीला टांगून ठेवली तरी ती लांबते. पाणी पिवळं होण्याचंही तसंच. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुतले तर कावीळ नसलेल्या माणसाच्या हाताखालीही पाणी पिवळं होतं.

मग बरं कसं वाटतं? आपल्याकडची बरीचशी कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई या विषाणूंची असते आणि ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळ घातली तरी उतरते, नाही घातली तरी उतरते. घात होतो तो बाकीच्यांचा. पित्ताच्या नळीत खडा अडकला असेल, तिथं गाठ असेल, हिपॅटायटिस बी असेल, किंवा एखाद्या औषधानंच लिव्हर सुजलं असेल, तर माळेत गेलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत. म्हणून डोळे पिवळे दिसले की आधी रक्ताची लिव्हरची तपासणी आणि गरज पडली तर सोनोग्राफी करून घ्या. संडास पांढुरकी होतेय, अंगाला सारखी खाज सुटतेय, माणूस बरळतोय, दिवसा झोपून रात्री जागतोय, हिरड्यांतून रक्त येतंय, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. गरोदर बाईला कावीळ झाली तर एक दिवसही थांबू नका. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेततो.

काही गोष्टींत झाडपाल्याला पहिली पाळी द्यायचीच नाही. साप चावला, कुत्रं चावलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय गळाला, छातीत दुखून घाम फुटला, अंगात गाठ लागली, खोकल्यातून रक्त आलं, अशा वेळी आधी दवाखाना. साप चावल्यावर उतरतं ते प्रतिविषानं. जखम चिरू नका, करकचून बांधू नका, माणसाला न चालवता सरकारी दवाखान्यात न्या. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यामुळं "अमक्या बाबांच्या औषधानं आमचा बरा झाला" याचा अर्थ त्याला रेबीज झालाच नव्हता, एवढाच.

विंचवाचं सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. लाल विंचू चावला की पूर्वी उतारा, मंत्र आणि पाल्याचा लेप, एवढंच हातात असायचं. तरणी माणसं आणि लेकरं पहाटेपर्यंत हृदयानं दगा देऊन जायची. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९८० च्या दशकात महाडकडच्या रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. विंचवाच्या विषानं हृदयाचं नेमकं काय होतं याच्या नोंदी त्यांनी केल्या आणि प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी या विषावर चालते हे दाखवून दिलं. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात ते छापून आलं. गोळी स्वस्त आणि जुनीच होती. प्रत्येक रुग्णाचं काय झालं ते त्यांनी लिहून ठेवलं, वाचलेल्यांचंही आणि गेलेल्यांचंही. औषधाची पारख करायला हीच शिस्त लागते, मग ती कंपनीची गोळी असो की बांधावरची मुळी.

दुसरं काम: बिननावाची पुडी घ्यायची नाही

आमच्या थोरल्या काकांचे गुडघे दुखायचे. कुणीतरी एका गावातल्या औषधाचं सांगितलं. पिवळसर पूड, रोज दोन पुड्या, "शंभर टक्के आयुर्वेदिक". तिसऱ्या दिवशी काका जिना चढून माडीवर गेले. घरात सगळ्यांना आनंद झाला आणि मलाही झाला. मी तेव्हा या धंद्यात नवीन होते, माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती, ती वाजली नाही. चार महिन्यांत त्यांचा चेहरा गोल झाला, पोट सुटलं, हातपाय मात्र बारीक झाले. कातडी इतकी पातळ झाली की जरा कुठं लागलं की निळा डाग पडायचा. शुगर कधी नव्हती, ती साडेतीनशे निघाली. घाबरून त्यांनी पुडी एकदम बंद केली. पाचव्या दिवशी ते बाथरूममध्ये कोसळले. दवाखान्यात सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं तर ते अगदी तळाला गेलेलं. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असणार, त्याशिवाय असं होत नाही.

गुडघे, दमा, अंगाची खाज, संधिवात या दुखण्यांच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळण्याचे प्रकार जुने आहेत. शुगरच्या 'आयुर्वेदिक' पुडीत ग्लिबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन, अंगदुखीच्या पुडीत डायक्लोफेनॅक, 'ताकदीच्या' कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिल, असली भेसळही पुन्हा पुन्हा सापडलेली आहे. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. वर्षानुवर्षांचं दुखणं दोन-तीन दिवसांत गायब झालं तर हरखून जाऊ नका, पुडीत काय आहे ते विचारा. देणारा सांगत नसेल, "घराण्याचं गुपित आहे" म्हणत असेल, तर ते पोटात घालू नका. आणि महिनोन्‌महिने अशी पुडी घेतच असाल तर माझ्या काकांसारखी ती एका दिवसात सोडू नका. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडं जा, ते हळूहळू उतरवून देतील.

तिसरं काम: डबी उलटी करून वाचा

पॅकबंद औषध घेतलं तर पुढची चित्रं सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. दिसत नसेल तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करून बघा. आयुर्वेदिक औषधावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि मुदत संपायची तारीख आणि त्यात काय काय घातलंय याची यादी असायला हवी. हा नियम १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचा आहे. परवान्याऐवजी अन्न सुरक्षा खात्याचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर कायद्याच्या नजरेत ती वस्तू औषध नाही, अन्न आहे. अशा डब्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळही असते. एकीकडं ती ओळ आणि दुसरीकडं विकणाऱ्याच्या तोंडी "शुगर मुळासकट जाते", हे दोन्ही एकत्र दिसलं की डबी परत ठेवा.

याच कायद्याच्या नियमांत विषारी द्रव्यांची 'ई-१' नावाची यादी आहे. तिच्यात आपल्या ओळखीची बरीच नावं भेटतात: बिब्बा, धोतरा, गुंज, कण्हेर, रुई, कळलावी, जमालगोटा, बचनाग, कुचला, अफू. धातू-खनिजांमध्ये पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, रसकापूर, मोरचूद, शेंदूर. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं, अशी सूचना पाकिटावर छापावी लागते. ती दिसली की ते औषध स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही. बिब्ब्याचं तर आपल्याकडं जास्तच. टाच भेगाळली, गुडघा दुखला की लाव बिब्बा. भाजल्यासारखे फोड येऊन पाय सुजलेली माणसं दर उन्हाळ्यात माझ्याकडं मलम मागायला येतात, आणि मी त्यांना मलम न देता दवाखान्यात धाडते.

भस्मांबद्दल, म्हणजे धातू-खनिजं जाळून केलेल्या औषधांबद्दल, लोक मला खोदून खोदून विचारतात. वैद्यांचं म्हणणं असं, की नीट शोधन-मारण (शुद्ध करणं आणि भाजणं) केलेलं भस्म निर्दोष असतं. पण तुमच्या हातातलं भस्म तसं झालंय की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली. साधारण पाचांतल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं आणि भस्मांची, रसौषधी प्रकारची औषधं वेगळी काढली तर हे प्रमाण दहात चारपर्यंत गेलं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे रुग्ण नोंदवले. त्यातले बरेच पारंपरिक औषधं घेत होते, त्या औषधांत पारा निघाला, आणि औषधं थांबवल्यावर बहुतेकांच्या लघवीतून जाणारं प्रोटीन कमी होत गेलं. त्यामुळं भस्म, रस, सिंदूर अशा नावांची औषधं नोंदणीकृत वैद्यानं लिहून दिली तरच, त्यानं सांगितले तेवढेच दिवस, आणि मधून मधून किडनीची तपासणी करत घ्यावीत. किडनी आधीच कमजोर असेल तर मी सरळ नको म्हणते.

आणखी एक. परवाना क्रमांक आहे म्हणजे गुण सिद्ध झाला, असं नाही. चरक, सुश्रुत, शार्ङ्गधर, भावप्रकाश अशा ग्रंथांची यादीच कायद्याला जोडलेली आहे. त्यातल्या पाठाप्रमाणं बनवलेल्या औषधाला ग्रंथातली नोंद हाच आधार बऱ्याचदा पुरतो. परवान्यानं एवढंच कळतं, की कुणी बनवलं आणि बिघडलं तर कुणाला धरायचं. गुणाची पारख वेगळी करावी लागते.

चौथं काम: "गुण येतो" कशावरून?

सदाफुलीची गोष्ट मी काउंटरवर शेकडो वेळा सांगितली असेल. शुगरसाठी सकाळी उपाशीपोटी चार पानं चावायची, हे आपल्याकडं घरोघरी चालतं. जगात इतर ठिकाणीही ही समजूत होती. जमैकाहून आलेला पाला कॅनडातल्या नोबल आणि बीअर या शास्त्रज्ञांनी शुगरसाठीच तपासायला घेतला. उंदरांना तोंडानं दिला तर साखर काही उतरेना. सुईनं टोचला तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. १९५८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि पुढं या झाडातून व्हिनब्लास्टिन, व्हिनक्रिस्टिन ही कॅन्सरवरची औषधं आली. आज लेकरांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिनक्रिस्टिन जीव वाचवतं. ते शिरेतून देतात, मोजून देतात, आणि मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, कारण जास्त झालं तर नसा निकामी होतात. म्हणजे सदाफुलीत गुण आहे, फार मोठा आहे. पण तो शुगरचा नाही, आणि अंगणातल्या चार पानांत किती मिलिग्रॅम काय आहे ते कुणालाच सांगता येणार नाही. कुंडीतली सदाफुली चावणारी एखादी मावशी भेटली तर तिला एवढं जरूर सांगा.

दुसरं उदाहरण सर्पगंधेचं. तिच्या मुळीनं रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवर तपासून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडलं. सगळ्या जगानं ते मानलं. मग पुष्कळ लोकांनी पुष्कळ दिवस घेतल्यावर दुसरी बाजू दिसली. काहींचं मन इतकं उदास व्हायचं, की जीव नकोसा वाटायचा. आता डॉक्टर ते फारसं लिहीत नाहीत. पण बीपीच्या काही आयुर्वेदिक गोळ्यांत सर्पगंधा आजही असते. तुम्ही रोजची बीपीची गोळी घेऊन वर ही घेतली तर उठून उभं राहताना चक्कर येऊन पडू शकता.

या दोन गोष्टींवरून तुम्हाला विचारायचे प्रश्न मिळतील. "अमक्याला गुण आला" असं कुणी म्हणालं तर विचारा: आजार तपासणीतून कळला होता का? सोबत डॉक्टरांची गोळी चालू होती का? आपोआप बरं होणारं दुखणं होतं का? ज्यांना गुण आला नाही ती माणसं कुठं आहेत? शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. त्या गावाहून बरा झालेला माणूस दहा गावं सांगत फिरतो आणि बिघडलेला संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात ॲडमिट असतो, तो कुणाला काय सांगणार?

पारखून गुण दिसलेली साधी औषधंही आहेत आणि ती मी आनंदानं देते. बद्धकोष्ठाला इसबगोल, मात्र भरपूर पाण्याबरोबर आणि दुसऱ्या गोळ्यांपासून दोन तास लांब. मळमळीला आलं. मेथीदाण्यांनी जेवणानंतरची साखर थोडीशी उतरल्याचे छोटे अभ्यास आहेत. त्यांचा आधार घ्या, पण गोळीच्या जागी मेथी ठेवू नका. आपल्या वसमतची हळद भाजीत, दुधात असेल तर घ्या. कॅप्सूलचं मात्र वेगळं आहे. हळदीतला कर्क्युमिन अंगात फारसा शोषला जात नाही, म्हणून कंपन्या त्यात काळ्या मिऱ्यातलं पायपरीन घालतात आणि तो वीस पटींपर्यंत जास्त शोषला जातो. अशा कॅप्सूलनी लिव्हर सुजल्याची उदाहरणं अमेरिकेत नोंदवली गेलीत. ताटातली हळद आणि कॅप्सूलमधली हळद, नाव एक असलं तरी औषधं दोन वेगळी आहेत.

गुळवेलीचंही करोनाच्या काळात तसंच झालं. घराघरात काढा सुरू झाला, तोही महिनोन्‌महिने. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी लिव्हर बिघडलेले सहा रुग्ण नोंदवले. तेव्हा ही गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल, असा आक्षेप आला, आणि वेल ओळखण्यात चूक होते हे खरंच आहे. पण पुढच्याच वर्षी देशातल्या अनेक दवाखान्यांनी मिळून ४३ रुग्ण मांडले, त्यात खऱ्या गुळवेलीचाही संबंध दिसला. थायरॉइडसारखे, अंगातली प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटणारे आजार ज्यांना आहेत, त्यांना धोका जास्त दिसतो. लाखोंनी काढा प्यायला आणि थोड्यांनाच त्रास झाला, हे खरं. पण त्या थोड्यांत आपण आहोत की नाही, हे आधी कळत नाही.

होमिओपॅथीबद्दल थोडक्यात सांगते. ३० पोटेन्सीच्या, म्हणजे तीस वेळा पातळ करत नेलेल्या, गोळीत मूळ द्रव्याचा एखादा कणही उरण्याची शक्यता जवळजवळ नसते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये सगळे अभ्यास चाळून सांगितलं, की कुठल्याही आजारावर ती खात्रीनं चालते असा भरवशाचा पुरावा नाही. साबुदाण्याएवढ्या त्या गोळीनं सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो तिच्या भरवशावर इन्सुलिन, फिटची गोळी किंवा टीबीचा कोर्स बंद केल्यानं.

पाचवं काम: दोन्ही औषधं एकाच टेबलावर मांडा

डॉक्टर रागावतील म्हणून लोक चूर्ण लपवतात. हे लपवणंच नडतं. पुढच्या वेळी तपासणीला जाताना घरातलं सगळं एका पिशवीत घाला: गोळ्या, चूर्ण, काढ्याची बाटली, पुडी, सगळं. टेबलावर मांडा आणि म्हणा, "साहेब, हे एवढं पोटात जायलंय." चांगला डॉक्टर रागावणार नाही. रागावला तरी ऐकून घ्या, तपासणी तरी बरोबर दिशेला जाईल.

काही जोड्या स्वयंपाकघरातच लिहून लावा. शुगरच्या गोळीवर किंवा इन्सुलिनवर कारल्याचा रस, जांभूळबीचं चूर्ण आणि मेथी, असं सगळं एकदम पडलं तर साखर फार खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हातांची थरथर, डोळ्यांपुढं अंधारी, एकदम भूक. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही ओतायचं नाही. खोकल्यासाठी ज्येष्ठमध रोज महिनाभर चघळला तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर लसणाच्या, हळदीच्या, आल्याच्या कॅप्सूल नकोत, भाजीतलं चालतं. अश्वगंधेनं थायरॉइडचे आकडे हलू शकतात. ऑपरेशन ठरलं तर दोन आठवडे आधी डॉक्टरांना सगळं सांगून यातलं काय थांबवायचं ते विचारा.

वैद्याकडं जायचं तर शिकलेल्याकडं जा. बीएएमएस पदवी आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो. नसला तर विचारायला लाजू नका. नांदेडला आणि धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयं आहेत. केसपेपर काढून तिथं दाखवता येतं, काय दिलं ते कागदावर लिहून मिळतं. तो कागद पुढच्या डॉक्टरला दाखवता येतो, बाजारातली पुडी काहीच सांगत नाही.

सहावं काम: वही करा

सुरू करायच्या आधी आजचे आकडे काढून ठेवा: बीपी, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी, लिव्हरचं एसजीपीटी, किडनीचं क्रिएटिनिन. दोनशे पानी वहीत तारीख घालून लिहा. एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा. तीन काढे एकदम सुरू केले तर गुण कुणाचा आणि दोष कुणाचा, हे कळत नाही. किती दिवस घ्यायचं ते आधीच ठरवा. साखरेसाठी तीन महिने धरा आणि मग तीच तपासणी पुन्हा करा. आकडा हलला नसेल तर थांबवा, "अजून थोडे दिवस बघू" म्हणत वर्ष घालवू नका. या सगळ्या काळात डॉक्टरांची गोळी चालूच ठेवायची. आकडे उतरले तर गोळी कमी करायचं डॉक्टरच सांगतील.

मधेच डोळे पिवळे दिसले, लघवी गर्द झाली, भूक मेली, चेहरा-पाय सुजले, लघवीला फेस यायला लागला, अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी चूर्ण बंद आणि वही-डबी घेऊन दवाखाना. फक्त स्टेरॉइडचा संशय असेल तिथं काकांची गोष्ट आठवा, मनानं बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

लेकरं आणि गरोदर बाया

बाळगुटीवर बोललं की आज्यांना वाईट वाटतं, हे मला माहीत आहे. माझ्या आईनंही सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ उगाळून आम्हाला चाटवलंय, त्यात तिची माया होती. तरीही सांगते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं सोडून. किती वळसे उगाळले यावर मात्रा ठरते आणि चार किलोच्या जीवाला एक वळसाही जास्त होऊ शकतो. वेखंडातल्या बीटा-असारोन या द्रव्यामुळं अमेरिकेनं १९६८ पासून ते खाण्यात बंद केलंय. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवूच नका. त्यातून बॉट्युलिझम नावाचा, श्वास बंद पाडणारा आजार होऊ शकतो.

आपल्या काळ्या रानात किडामारी नावाची जमिनीलगत पसरणारी वेल उगवते. जनावराच्या जखमेत किडे पडले की तिचा पाला लावतात, आणि कुठं कुठं जंतासाठी लेकरांना रसही पाजतात. तो पाजू नका. ही वेल ज्या कुळातली आहे त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत याच कुळातली एक चिनी वनस्पती गेली आणि शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या. पुढं कित्येकींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही निघाला. जंतासाठी अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते, ती द्या.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना कुठलंही चूर्ण, काढा, 'मुलगाच होण्याचं' औषध घेऊ नका. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरलेलं असतं. मूल राहिल्याचं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात कळतं आणि बाळाचे अवयव नेमके तेव्हाच घडत असतात. त्या दिवसांत पोटात काय गेलं, याची किंमत बाळ जन्मभर मोजतं.

फसलात तर

मधुमेह, कॅन्सर, लकवा, फिट, मूतखडा, रक्तदाब असे आजार बरे करतो, अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या जादूटोण्याच्या उपायांविरुद्धच्या औषध-जाहिरात कायद्यानं बंदी आहे. भिंतीवर, रिक्षावर, मोबाइलवर असा दावा दिसला तर देणारा कायदा मोडतोय, एवढं त्याच्याबद्दल तुम्हाला आधीच कळलं.

औषधानं त्रास झाला तर राष्ट्रीय औषध दुष्परिणाम नोंद केंद्राचा १८००-१८०-३०२४ हा फुकट नंबर आहे. आयुर्वेदिक औषधांचे त्रासही सांगता येतात. भेसळीचा संशय असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा नंबर लावा, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या त्यांच्या कचेरीत अर्ज द्या. लोक येतात तेव्हा बहुतेकांनी रागाच्या भरात पुडी चुलीत टाकलेली असते, मग तपासायला काही उरत नाही. म्हणून दोन-तीन पुड्या, रिकामी बाटली, पावती, ज्या कागदात बांधून दिलं तो कागद, सगळं एका कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर तारीख टाका आणि लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.